चर्चमध्ये गेल्यावर आधी कुठे बघायचं?

नाताळच्या दिवसांत तलावपाळीला फिरायला आलेली कितीतरी ठाणेकर कुटुंबं मासुंदा तलावाकाठच्या संत योहान बाप्तिस्ता चर्चमध्ये डोकावतात. गोठा बघतात, फोटो काढतात, मग आत येऊन जरा गोंधळतात. समोर मोठा क्रूस, एका बाजूला मरियेची मूर्ती, दुसऱ्या बाजूला दाढीवाला कोणी संत, भिंतीवर ओळीने चित्रं. कोणीतरी हळूच विचारतं, “यातली मुख्य मूर्ती कुठली?”

प्रश्न रास्त आहे. गाभारा, गाभाऱ्यात मूर्ती आणि तिच्याभोवती देऊळ ही रचना आपल्या डोळ्यांत इतकी मुरलेली असते की चर्चमध्येही नजर तेच शोधते. पण कॅथलिक चर्चमध्ये मुख्य मूर्ती नसतेच. सगळ्या मूर्ती उचलून नेल्या तरी चर्च चर्चच राहील. मुख्य गोष्टी दोन: एक दगडी टेबल आणि एक छोटं कपाट.

कपाट शोधायचं तर लाल दिवा शोधा. टेबलाच्या मागे किंवा बाजूला, भिंतीत बसवलेली किंवा खांबावर ठेवलेली, बहुधा सोनेरी दाराची, कुलूप असलेली पेटी दिसेल. तिला टॅबरनॅकल म्हणतात. मिस्सेमध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, भाकर आणि द्राक्षारस अर्पण होतात तेव्हा ते ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. नुसती आठवण किंवा प्रतीक नव्हे, खरोखरचं सान्निध्य. मिस्सेनंतर उरलेली पवित्र भाकर, म्हणजे पातळ पांढऱ्या चकत्या, या पेटीत ठेवतात. आजारी माणसाला घरी नेऊन द्यायला ती लागते. पेटीत पवित्र भाकर आहे याची खूण म्हणून शेजारी दिवा अखंड तेवत असतो. तो तेलाचा किंवा मेणाचा असावा असा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी आता विजेचा लाल बल्ब असतो. मला तो आवडत नाही, पण पंखे आणि वारा यांचा हिशेब करणाऱ्या फादरांची बाजूही समजते.

बाकात बसण्यापूर्वी कॅथलिक माणूस उजवा गुडघा जमिनीला टेकतो, तो या पेटीसमोर. शेजारी मरियेची माणसाएवढी मूर्ती असली तरी तिच्यापुढे गुडघा टेकून मग बसायचं असा नियम नाही. एवढं एक ध्यानात आलं तर चर्चमधली निम्मी मांडणी उलगडते.

टेबल म्हणजे वेदी. ती परंपरेने दगडाची, कारण ख्रिस्ताला कोनशिला म्हटलं आहे. जुन्या वेदीच्या दगडावर पाच छोटे क्रूस कोरलेले असतात: हातांच्या दोन, पायांच्या दोन आणि कुशीतली एक, अशा येशूच्या पाच जखमा. वेदीखाली किंवा वेदीच्या दगडात संतांचे, विशेषतः रक्तसाक्षींचे, म्हणजे श्रद्धेसाठी मारले गेलेल्यांचे, अवशेष ठेवण्याची जुनी रीत आहे. मिस्सा सुरू करताना धर्मगुरू वाकून चुंबन घेतात ते या वेदीचं. पूर्वी वेदी मागच्या भिंतीला टेकलेली असे, फादर लोकांकडे पाठ करून उभे राहत आणि मिस्सा लॅटिनमध्ये होई. १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वेदी पुढे आली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले आणि मिस्सा मराठीत ऐकू येऊ लागली. जुन्या चर्चमध्ये दोन वेद्या दिसतात त्या यामुळे: मागे कोनाड्याकोनाड्यांची उंच नक्षीदार वेदी आणि तिच्यापुढे साधं टेबल. नजर मागच्या सोनेरी कामाकडे जाते, काम पुढच्या साध्या टेबलावर चालतं.

मग इतक्या मूर्ती कशाला? हा वाद ख्रिस्ती धर्मातला फार जुना आहे आणि त्यात डोकी फुटलेली आहेत. दहा आज्ञांमध्ये कोरीव मूर्तीला नमन करू नको असं स्पष्ट आहे. इ.स. ६००च्या सुमारास मार्सेयच्या बिशपने चर्चमधली चित्रं फोडून टाकली, तेव्हा पोप पहिले ग्रेगरी यांनी त्याला पत्र लिहिलं: लोकांनी चित्रांची पूजा करू नये हे तुझं म्हणणं बरोबर, पण ती फोडायला नको होतीस, कारण ज्यांना वाचता येत नाही ते भिंतींवर वाचतात. पुढे बायझंटाइन साम्राज्यात मूर्तिभंजनाचं मोठं प्रकरण झालं. ७८७ साली निकाया इथल्या परिषदेने निकाल दिला की प्रतिमेला दिलेला मान त्या प्रतिमेत अडकत नाही, जिची ती प्रतिमा आहे त्या व्यक्तीकडे जातो. पूजा मात्र एकट्या देवाची. प्रोटेस्टंट चळवळीने हा प्रश्न पुन्हा पेटवला, तेव्हा १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने हीच भूमिका परत मांडली. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर चर्चेस बांधत होते तो हाच काळ, त्यामुळे इथल्या जुन्या चर्चेसची कला त्या निर्णयाच्या सावलीत वाढली.

याचा व्यवहारातला अर्थ असा की चर्चमधल्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होत नाही. फादर आशीर्वाद देतात, पवित्र पाणी शिंपडतात, एवढंच. संत अँथनीची मूर्ती या कोनाड्यातून त्या कोनाड्यात हलवता येते, रंगवता येते, भंगली तर पुरून नवीन आणता येते. आजकाल लाकडाच्या जागी फायबरच्या चकचकीत मूर्ती येतात. धर्माच्या दृष्टीने त्यात काही कमी नाही. डोळ्यांच्या दृष्टीने आहे.

आता मूर्ती ओळखायच्या कशा? चेहऱ्याकडे बघू नका, चेहरे सगळे सारखेच गोरेगोमटे आणि जरा वर बघणारे असतात. हातांकडे बघा. शंख-चक्र-गदा-पद्म दिसलं की विष्णू हे आपल्याला सांगावं लागत नाही, तशीच खूण प्रत्येक संताच्या हातात असते. फरक एवढाच की विष्णूच्या हातातलं आयुध त्याचं स्वतःचं असतं आणि संताच्या हातातलं आयुध बऱ्याचदा त्याला मारणाऱ्याचं. संत पौलाच्या हातात तलवार असते, कारण त्याचा शिरच्छेद झाला. संत लॉरेन्सजवळ लोखंडी जाळी, कारण त्याला तिच्यावर भाजलं. संत लुसी ताटलीत दोन डोळे घेऊन उभी असते. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे भयंकर वाटतं. पण अर्थ असा आहे की ज्याने मला संपवायचं ठरवलं होतं ते आता माझं ओळखपत्र आहे. हातात खजुराची झावळी दिसली तर बाकी काही कळलं नाही तरी हा किंवा ही रक्तसाक्षी आहे एवढं नक्की. संत सेबॅस्टियन मात्र फसवतो. अंगभर बाण रुतलेले असतात, पण कथा अशी की बाणांतून तो वाचला आणि नंतर त्याला दंडुक्यांनी मारलं. बाणांमुळेच तो साथीच्या रोगांपासून राखणारा संत झाला, कारण प्राचीन लोकांना रोगराई म्हणजे आकाशातून येणारे बाण वाटत.

सगळ्याच खुणा मरणाच्या नसतात. पेत्राच्या हातात किल्ल्या असतात, येशूने त्याला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या देईन असं म्हटलं म्हणून. फ्रान्सिस झेवियर छातीवरचा झगा उघडून आतली ज्वाळा दाखवतो. सगळ्यात जास्त घोटाळा होतो योसेफ आणि पादुआचा अँथनी या दोघांत. दोघांच्याही कडेवर बाळ येशू, दोघांच्याही हातात पांढरं लिलीचं फूल. दाढी असेल, जवळ सुताराचा काटकोन किंवा फुललेली काठी असेल तर योसेफ. दाढी नसेल, डोक्याचा मध्यभाग भादरलेला, अंगात तपकिरी झगा आणि कमरेला दोरी असेल तर अँथनी. त्या दोरीला तीन गाठी असतात: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही फ्रान्सिस्कन संन्याशांची तीन व्रतं. अँथनीचा जन्म लिस्बनचा, म्हणून पोर्तुगिजांनी त्याला जाईल तिथे नेलं. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून त्याला साकडं घालणाऱ्यांत आमच्याकडे सगळ्या धर्मांचे लोक असतात.

तपकिरी झग्याचं आणि ठाण्याचं नातं पोर्तुगिजांच्याही आधीचं आहे. १३२१ मध्ये चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन ठाण्यात मारले गेले: टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. त्यांच्या बरोबर आलेला जॉर्डनस हा डोमिनिकन साधू तेव्हा दुसरीकडे होता. त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे प्रवासी ओडोरिक त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला. म्हणजे वास्को द गामा भारतात येण्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी ठाणं युरोपातल्या रक्तसाक्षींच्या कथांत पोहोचलं होतं. शेजारच्या वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियाच्या मूर्तीजवळ क्रूस आणि भाले असतात. १५९७ मध्ये जपानातल्या नागासाकीला त्याला क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकलं. १८६२ साली तो संत म्हणून जाहीर झाला.

तलावपाळीच्या चर्चचा आश्रयदाता संत योहान बाप्तिस्ता. त्याची खूण फार बोलकी आहे. अंगावर उंटाच्या केसांचं जाडंभरडं वस्त्र, हातात बोरूचा बारीक क्रूस आणि पायाशी किंवा हातावर कोकरू. येशूला येताना बघून “हा पाहा देवाचा कोकरा” असं तो म्हणाला, म्हणून त्याचं बोट बऱ्याचदा त्या कोकराकडे असतं. आपल्याकडे बघू नका, तिकडे बघा, असं सांगणारा हा संत. कधी त्याच्या हातात शिंपला असतो, कारण शिंपल्याने डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा देतात. बाप्तिस्म्याचं कुंड पुष्कळदा अष्टकोनी का असतं तेही इथेच सांगतो. सृष्टीच्या निर्मितीचे सात दिवस, आणि येशू पुन्हा उठला तो नव्या सृष्टीचा आठवा.

बाकीच्या संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी असतो. जन्मदिवस साजरे होतात ते येशूचा, मरियेचा आणि योहानाचा. योहानाचा २४ जूनला, नाताळच्या सहा महिने आधी. उत्तर गोलार्धात जूनच्या अखेरीपासून दिवस लहान होत जातो आणि डिसेंबरच्या अखेरीपासून मोठा. योहानाने येशूबद्दल म्हटलेलं, बायबलमधल्या शुभवर्तमानातलं वाक्य आहे, “त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा.” संत ऑगस्टीनने पंधराशेहून अधिक वर्षांपूर्वी ही जोडी लावून दाखवली. कॅलेंडरसुद्धा मूर्तीसारखं कोरता येतं याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

मरियेची रूपं अनेक, पण व्यक्ती एकच, हे आधी सांगायला हवं. लूर्दची माता, फातिमाची माता, वेलंकनीची माता या वेगवेगळ्या देवी नाहीत. पांढरा झगा, निळा कमरपट्टा आणि पायांवर गुलाब असतील तर १८५८ सालच्या लूर्दच्या दर्शनातली मरिया. पांढरी शाल, मुकुट आणि समोर गुडघे टेकलेली तीन मुलं असतील तर १९१७ची फातिमा. पायाखाली साप आणि चंद्रकोर, डोक्याभोवती बारा तारे असतील तर निष्कलंक मरिया. तो साप एदेन बागेतला आणि बारा तारे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले, म्हणजे बायबलची दोन टोकं एका मूर्तीत आणून बांधली आहेत. निळ्या वस्त्रामागे बाजाराचाही हात आहे. युरोपातल्या चित्रकारांचा उत्तम निळा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला दगड कुटून होई, तो अतोनात महाग, म्हणून तो तिच्यासाठी राखून ठेवत.

पण एकच चित्र बघायला वेळ असेल तर नित्य साहाय्य मातेचं बघा. दर बुधवारी माहीमच्या चर्चला नोव्हेनाची, म्हणजे नऊ वेळा करायच्या प्रार्थनेची, गर्दी होते ती याच चित्रासाठी, आणि त्याच्या प्रती मुंबई-ठाण्यात घरोघरी आहेत. सोनेरी पार्श्वभूमी, बायझंटाइन पद्धतीचं काम, आईच्या कडेवर बाळ. वर दोन कोपऱ्यांत दोन देवदूत. ते काय घेऊन आलेत ते नीट पाहा: एकाकडे भाला आणि आंबेत, म्हणजे शिरक्यात, बुडवलेला स्पंज, दुसऱ्याकडे क्रूस आणि खिळे. बाळाने ते पाहिलं आहे. मान वळवून तो क्रुसाकडे बघतोय, दोन्ही हातांनी आईचा हात घट्ट धरलाय, आणि इतक्या घाईने तो तिच्याकडे धावलाय की एका पायातली चप्पल सुटून बंदावर लोंबकळते आहे. आई मात्र बाळाकडे बघत नाही, आपल्याकडे बघते. वर्षानुवर्षं नोव्हेनाला जाणाऱ्या अनेकांना ती चप्पल दाखवावी लागते.

येशूचं उघडं हृदय दाखवणाऱ्या चित्राची सर्वांना ओळख असते. फ्रान्समधल्या मार्गारेट मेरी आलाकोक या जोगिणीला १६७०च्या दशकात झालेल्या दर्शनांमधून ते लोकप्रिय झालं. काटे, जखम, ज्वाळा, वर छोटा क्रूस. कॅथलिक घरात दिवाणखान्यात हेच चित्र असतं.

भिंतींवर ओळीने लावलेली चौदा चित्रं म्हणजे क्रुसाची वाट. रोमन सुभेदार पिलाताने दिलेल्या शिक्षेपासून कबरीत ठेवण्यापर्यंतचे टप्पे. जेरुसलेमला जाणं ज्यांना जमत नाही त्यांनी आपल्याच चर्चमध्ये ती वाट चालावी, ही कल्पना फ्रान्सिस्कनांनी रुजवली, आणि १७३१ साली पोप बारावे क्लेमेंट यांनी चौदा ही संख्या ठरवून दिली. यातले काही प्रसंग, जसं येशूचं तीनदा पडणं किंवा वेरोनिकेने त्याचा चेहरा पुसणं, शुभवर्तमानात नाहीत. ते लोकांच्या भक्तीतून आले. प्रत्येक चित्रावर एक छोटा लाकडी क्रूस असतो. नियमाने आवश्यक असतो तो क्रूस, चित्र नव्हे. चित्र आहे ते चालणाऱ्याच्या सोयीसाठी.

अक्षरांचं थोडक्यात. क्रुसावरच्या पाटीवर ‘आयएनआरआय’ ही लॅटिन आद्याक्षरं असतात: नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा. ही पिलाताने लावलेली पाटी. ‘आयएचएस’ ही येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरं, जेझुइट या धर्मगुरूंच्या संघाने ती आपली मुद्रा केली. मोठ्या पास्का, म्हणजे ईस्टरच्या, मेणबत्तीवर आल्फा आणि ओमेगा, ग्रीक वर्णमालेचं पहिलं आणि शेवटचं अक्षर, आणि चालू वर्षाचे आकडे असतात. क्रुसाच्या पायथ्याशी कवटी दिसली तर दचकू नका. येशूला क्रुसावर दिलं त्या टेकडीचं नाव गुलगुथा, म्हणजे कवटीची जागा, आणि आदामाला तिथेच पुरलं होतं अशी जुनी समजूत. गावठाणांतल्या जुन्या दगडी क्रुसांवर तर हातोडी, पकड, शिडी, फासे, आरवणारा कोंबडा असा सगळा सरंजाम कोरलेला असतो. वांद्र्याच्या संत आंद्रियाच्या चर्चच्या आवारातला दगडी क्रूस असा आहे, वेळ काढून बघण्यासारखा.

रंग बदलतात ते फादरांच्या झग्याचे आणि वेदीवरच्या कापडाचे. एरवी हिरवा, नाताळ आणि ईस्टरला पांढरा, रक्तसाक्षींच्या सणाला आणि पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाला, लाल, नाताळआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात जांभळा. उपवासकाळाच्या शेवटच्या दिवसांत काही चर्चमध्ये मूर्तीच जांभळ्या कापडाने झाकतात. सजवायचे दिवस जवळ आले असताना झाकतात याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. डोळ्यांचाही उपवास, एवढंच त्यामागे. गुड फ्रायडेला तर वेदी उघडी, कापड नाही, मेणबत्ती नाही. टॅबरनॅकल रिकामं, दार सताड उघडं, दिवा विझलेला. त्या दिवशी आत येणारा गुडघा टेकतो तो क्रुसाला.

हे सगळं परदेशी वाटतं, अशी तक्रार कॅथलिकांनीच सर्वांत आधी केली. गोव्यात जन्मलेल्या अँजेलो दा फोन्सेकाने शांतिनिकेतनात शिकून मरियेला साडी नेसवली, गोव्याच्या बाईसारखी काढली. त्यावर गोव्यातले आपलेच लोक इतके चिडले की त्याला तिथे राहणं अवघड झालं. त्याने पुढचं आयुष्य पुण्यात घालवलं. गंमत म्हणजे वेलंकनीच्या मातेला भक्त मनापासून साडी नेसवतात आणि त्याचा कोणाला राग येत नाही. भक्तीने केलं तर चालतं, चित्रकाराने केलं तर नाही, असा हा न्याय. १९६९ मध्ये रोमने भारतातल्या बिशपांच्या बारा सूचना मान्य केल्या. गुडघ्याऐवजी हात जोडून नमस्कार, आरती, उदबत्ती, समई, चपला बाहेर काढणं, हे तिथपासून अधिकृत झालं. उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चेसच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ची आणि भीमाशंकरची १७२९ची. पोर्तुगीज घंटा आज महादेवाच्या दारात वाजते.

बघायला जायचं तर नाताळच्या रात्री जाऊ नका, तेव्हा फक्त डोकी दिसतात. आठवड्यातल्या एखाद्या साध्या दिवशी, मिस्सा नसताना जा, चर्च उघडं आहे का ते आधी विचारा. दारातल्या पवित्र पाण्यात बोटं बुडवली नाहीत तरी चालेल. फोटो काढण्यापूर्वी विचारा, टॅबरनॅकलच्या पुढ्यात पाठ करून सेल्फी मात्र नको. मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर खुशाल बसा, सगळे उठतात तेव्हा उठा. पवित्र भाकर घ्यायला रांग लागेल तेव्हा मात्र बसून राहा. प्रसाद आहे असं समजून पुष्कळजण रांगेत उभे राहतात आणि मग फादरांना अवघड होतं. ती भाकर फक्त त्या श्रद्धेत दीक्षा घेतलेल्यांसाठी असते. काही चर्चमध्ये दोन्ही हातांची छातीवर फुली करून पुढे गेलात तर फादर आशीर्वाद देतात, पण तशी रीत तिथे आहे का ते शेजारी बसलेल्याला विचारून घ्या.